कोण

गणतीचा फॉर्म कन्नडात.
म्हैस म्हणजे एम्मे, हे जांबोटीतलं शेंबडं पोरही सांगेल.
रेड्याला म्हणतात कोण.
पहिल्या दिवशी तो रकाना मी मराठीतनं वाचला
आणि कागदानं मलाच काही विचारल्यागत
गप्प उभा राहिलो.

बसलिंगप्पा साहेबांनी नियम सांगितला तो असा:
एक जनावर, एक रेघ.
खिल्लार असो की खुरडलेलं करडू,
अर्धी कुणाला नाही, दीड कुणाला नाही.
पाटलाचा बैल म्हणून दोन मारशील तर पगार कापीन.
मला आवडलं ते.
आमच्या गावच्या पंगतीतसुद्धा एवढं सरळ वाढत नाहीत.

तुळसाव्वा घाडीच्या गोठ्यात म्हशी दोन
आणि आखूड दाव्याला सहा दिवसांचं रेडकू,
बेंबी अजून पुरती वाळलेली नाही.
"त्येला लिवू नको," ती म्हणाली,
"म्होरल्या आयतवारपतूर नसतंय ते."

मग बोटांवर हिशोब:
रोजचं दोन लिटर ह्यो पिणार.
डेअरीत त्याचे नव्वद.
महिन्याला समिक्षाच्या शाळेची गाडी बाराशे,
उरल्यात माझ्या गुडघ्याच्या गोळ्या.
नांगराला ट्रॅक्टर येतोय. रेडा कुनाला पायजे?
पारडी असती तर...
इथं तिचं बोट नुसतंच वर राहिलं.

मी विचारलं, आणि ह्याचं काय धरलंस?

चिडली नाही.
"धरलं नाय म्हनून कुनी सांगितलं?
धरलंय की.
त्येची भूक धरली, रातभरचं ते रेकनं धरलं,
म्हशीचं दाव्याला हिसडं देनं धरलं.
समदं घालून बघिटलं.
तरीबी हिकडंच जड झालं, बाबा."

अडाण्याला शहाणं करायला आल्यासारखा आलो होतो.
तिच्या तराजूत मला खोट सापडेना.
एवढंच दिसलं की तराजू धरलेला हात तिचा,
आणि तिनं पुढं केलेला चहा
चांगला दाट होता.
प्यालो.

शेजारी मोनाप्पा सुताराकडं
खुंटीला एक रेडकू टांगलेलं. पेंढ्याचं.
गेल्या सालचं कातडं, डोळ्यांच्या जागी सुतळीचे टाके.
त्यानं त्यावर मीठ चोळलं, म्हशीपुढं धरलं.
ती चाटायला लागली,
मान, कान, टाके, पुन्हा मान,
आणि बादलीत धार वाजली.

तिला बरं वाटत होतं का?
वाटत असेल तर ते सुख खरं की पेंढ्याचं?
नसेल वाटत, तर पान्हा कशाला फुटला?
मी साहेबांना फोन लावला.
सर, भरलेलं रेडकू धरायचं का?
"वेड लागलं काय रे! जिवंत तेवढंच."
म्हशीला जिवंत आहे, सर.
तेवढ्यात रेंज गेली.
आमच्याकडं रेंज अशीच, बघून बघून जाते.

फॉर्म तुळसाव्वाकडंच विसरला होता, म्हणून परत गेलो.
कठड्याला टेकून पानं चाळताना
बोटाला काहीतरी गरम लागलं.
रेडक्यानं ते अख्खं तोंडात घेतलेलं,
डोळे मिटून ओढत होतं,
खरखरीत जीभ, आणि ढुशी,
जशी आईला मारतात तशी.
बोटातनं काही येत नव्हतं.
ते त्याला कळेपर्यंत पुष्कळ वेळ गेला.
मी बोट काढलं नाही.
हा वेळ कुणाच्या नावावर मांडायचा, ठाऊक नाही.

"काय लिवूलालास?" तुळसाव्वा आतनं.
"कोण," मी म्हणालो.
"कोन? कोन म्हंजे काय?
आपलंच रेडकू की ते!"

रेघ मारली. एक.
आयतवारी मी तिकडं गेलो नाही.

सोमवारी खानापुरात फॉर्म चाळताना
त्या पानाशी साहेब थांबले.
रकान्यावर ओला डाग वाळलेला.
"चहा सांडला काय रे?"
हो, म्हणालो.
दूध जास्त होतं.